माझ्या फंक्शनवरचा खोटा आळ

सोमवार, ३ मार्च

दिवस वाईट. ऑफिसात नवं टूल आलं. आमच्या टीममधल्या सिग्नेनं आणलं. प्रोफायलर म्हणतात त्याला. आपला प्रोग्राम चालू असताना हे त्याच्या मागे उभं राहतं, सेकंदाला शंभरदा डोकावतं आणि शेवटी चुगली करतं की एवढा वेळ अमक्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या अमक्या तुकड्यात, गेला, तेवढा तमक्यात. फुकट मिळतं. फुकटच्या वस्तूची लायकी ती काय असणार.

डेअरीवाल्यांची तक्रार अशी: दुधाच्या टँकरांचे सकाळचे मार्ग ठरवायला आमचं इंजिन, म्हणजे मार्ग काढणारा प्रोग्राम, पूर्वी चार मिनिटं घ्यायचं, आता चाळीस घेतं. ड्रायव्हर गाडीत बसून राहतात. जानेवारीत डेअरीनं शेजारची डेअरी गिळली, शेतकरी तिप्पट झाले, हे कोणी बोलत नाही.

इंजिन माझं. अकरा वर्षांपूर्वी मी एकट्यानं लिहिलं. तेव्हा ऑफिसात खिडकीसुद्धा नव्हती. आता आर्हुसचं बंदर दिसतं, आणि कृतज्ञता कुठेच दिसत नाही.

टूल म्हणतं, एकाहत्तर टक्के वेळ एकाच फंक्शनमध्ये जातो. कुठलं शेत कुठल्या शेताजवळ आहे ते शोधणारं फंक्शन. तेही माझंच.

उघड आहे. टूलमध्ये बग आहे.

आस्गर (आमचा बॉस, वय चौतीस, ऑफिसभर नुसत्या मोज्यांवर फिरतो) म्हणाला की २८ तारखेला बसू आणि ठरवू, इंजिन ठेवायचं की सिग्नेला नवं लिहायला सांगायचं. सिग्ने काही बोलली नाही. गप्प बसणं हाही एक प्रकारचा कटच. हिला मी शिकवलं. कॉलेजातून आली तेव्हा हिला धड कंस बंद करता येत नव्हते.

निश्चय: २८ पर्यंत टूल खोटं पाडायचं.
निश्चय दोन: उद्यापासून ऑफिसला सायकलनं.

बुधवार, ५ मार्च

नीट विचार केला. टूलचा मूळ दोष सापडला.

ते डोकावतं, आणि त्या क्षणी जो कामावर दिसेल त्याच्या नावावर वेळ टाकतं. माझं फंक्शन सतत कामावर असतं, म्हणून दर वेळी तेच सापडतं. बाकीची फंक्शनं तोंड दाखवून पसार होतात, त्यांना कोणी विचारत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!

आस्गरला समजावलं. तो म्हणाला, अरे टॉर्किल, टूल तेच तर मोजतं. म्हटलं, बरोबर, आणि तीच चूक आहे. त्यानं मोजा वर ओढला आणि निघून गेला. पटलं असावं.

वारा समोरून होता. सायकल सोमवारपासून.

शुक्रवार, ७ मार्च

आज आस्गरनं गाढवपणाचा केक आणला. आमचा नियमच आहे. ज्याच्या हातून घोळ झाला त्यानं शुक्रवारी केक आणायचा, उभं राहून एका वाक्यात आपला गाढवपणा सांगायचा, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवून खायचा. आस्गरनं मंगळवारी आपला समजून ग्राहकाचा सर्व्हर बंद केला होता. हसत हसत सांगितलं. बॉस आहे, त्याला हसून चालतं.

मी अकरा वर्षांत एकदाही केक आणलेला नाही. ऑफिसात असा मी एकटाच. हे कुठे भिंतीवर लावलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे, मी अधूनमधून सांगतो.

सिग्ने प्लेट पुढे करत म्हणाली, टॉर्किल, तुझ्या हातचा कधी खायला मिळणार रे? सगळे हसले. कानामागून आली आणि तिखट झाली!

केक कोरडा होता. तरी घेतला.

सोमवार, १० मार्च

सापडला! खराखुरा बग!

टूलच्या यादीत तीन फंक्शनांना नावच नाही. नुसतं 'अज्ञात'. दुपारभर तपासलं, टूलच नावं विसरतं. लगेच टूलवाल्याला रिपोर्ट धाडला. टूल बनवणारा एकच माणूस निघाला. वाउटर, हॉलंडमधल्या झ्वोल्लेचा, नोकरी सांभाळून फावल्या वेळात हा उद्योग करतो. असल्या हौशी माणसाच्या शब्दावर माझं इंजिन फेकणार होते!

रिपोर्ट चार पानी झाला. शेवटी लिहिलं, ज्याला नावं आठवत नाहीत त्यानं टक्केवारी सांगू नये. वाक्य फार छान साधलं. आस्गरलाही पाठवलं. आस्गरनं उत्तरात नुसतं अंगठ्याचं चित्र धाडलं, म्हणजे वाचलं नाही.

घरी लिस्बेतला वाचून दाखवलं. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. ती म्हणाली, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जाड माणसाच्या घरचा वजनकाटा बिघडलेलाच असतो. संदर्भ लक्षात आला नाही.

सायकलीच्या टायरात हवा कमी.

बुधवार, १२ मार्च

वाउटरचं उत्तर आलं. मी भांडायच्या तयारीत बाह्या सरसावून बसलेला, आणि हा गृहस्थ आभार मानतो! म्हणतो, इतका सुंदर रिपोर्ट मला आजवर कोणी पाठवला नाही. बग दुरुस्त केला, नवी आवृत्ती धाडली.

चालवली. 'अज्ञात' गेलं. ती तिन्ही माझ्याच त्या फंक्शनच्या पोटातली निघाली. आता चौऱ्याऐंशी टक्के.

माणसानं विश्वास ठेवावा तरी कोणावर? मी त्याचा बग शोधून देतो आणि तो माझ्याच पाठीत सुरा खुपसतो. वर आभार!

शुक्रवार, १४ मार्च

दुसरा बग. लॅपटॉप मिटून जेवायला गेलो होतो. राय ब्रेडवर हेरिंग मासा खाल्ला, कॉफी घेतली, आस्गरच्या सुट्टीचे फोटो बघावे लागले. परत येऊन बघतो तर हा सगळा वेळ टूलनं माझ्या फंक्शनच्या माथी मारलेला! रिपोर्ट. सहा पानं. दोन तासांत वाउटरचं उत्तर: दुरुस्त केलं, मनापासून धन्यवाद, तुझा डोळा फार तीक्ष्ण आहे. डोळा तीक्ष्ण आहे हे खरं. फरक पडला अर्ध्या टक्क्याचा.

मग डोकं चालवलं. यादीत जो वर येतो तोच मार खातो. मग वर यायचंच कशाला? माझ्या फंक्शनचे नऊ तुकडे केले. प्रत्येकाला वेगळं नाव. प्रत्येकाच्या वाट्याला नऊ-साडेनऊ टक्के. यादीत सगळ्यात वर आता फाइल वाचणारं फंक्शन! ते कोणाचंच नाही, भाषेबरोबर येतं. आस्गरला बोलावून दाखवलं.

सिग्ने पाण्याची बाटली भरायला मागून चालली होती. थांबली. वाकली. म्हणाली, हे बटण दाबलंस का? आणि दाबलं. नऊही पिल्लं एकदम आईच्या पंखाखाली! वर माझं फंक्शन, शहाऐंशी टक्के. (दोन टक्के तुकडे केल्यामुळे वाढले. ही त्या टूलची सूडबुद्धी.)

हिला कोणी विचारलं होतं? गुरूची विद्या गुरूलाच फळली.

सोमवार, १७ मार्च

आजचा दिवस सोन्याचा.

तिसरा बग, आणि हा सगळ्यांचा बाप. टूलला फक्त मुख्य प्रोग्राम दिसतो. त्या प्रोग्रामनं आपलं एखादं काम दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रामकडे सोपवलं, तर तिकडे काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो. भिंतीपलीकडचं दिसत नाही बिचाऱ्याला!

रिपोर्ट लिहिला. आजवरचा सर्वोत्तम. आकृत्या, तक्ते, आणि उदाहरण म्हणून माझंच फंक्शन, नावासकट, वेगळ्या प्रोग्राममध्ये हलवून दाखवलं. वाउटरला आता तोंड लपवायला जागा उरणार नाही.

आणि तोवर, बग आहे तर बगला वळसा घालून काम करायला नको का? फंक्शन खरंच वेगळ्या प्रोग्राममध्ये हलवलं. याला कोणी लपवणं म्हणेल. याला रचना म्हणतात.

मंगळवार, १८ मार्च

माझं इंजिन: दोन टक्के!

एकूण वेळ चाळीस मिनिटांवरून पन्नासवर गेला. दोन प्रोग्रामांची आपसात देवाणघेवाण असते, त्यात जरा जातो. किरकोळ.

आस्गरनं विचारलं, मग उरलेला वेळ जातो कुठे? टूललाच विचारलं. टूल म्हणालं, सिग्नेच्या भागात. नकाशा आणि याद्या पडद्यावर आणणारा भाग आहे तिचा. एक्याण्णव टक्के. आता तिचा भाग माझ्या फंक्शनच्या उत्तराची वाट बघत ताटकळत उभा असतो, हे एक आहे. पण टूल काही तसं म्हणत नाही. टूल म्हणतं सिग्ने. आणि टूलवर शंका घेणारा मी कोण?

इतके दिवस त्याला नावं ठेवली. मन मोठं करून लिहितो: टूल चांगलं आहे. जरा समजून घ्यावं लागतं.

सिग्ने पडद्याकडे बघत राहिली. म्हणाली, असं कसं होईल? सगळे आधी असंच म्हणतात. माणसाला आपली चूक दिसत नाही.

बुधवार, १९ मार्च

डेअरीतून एइनारचा फोन. टँकर सोडायचं काम त्याच्याकडे. म्हणाला, अहो, काल पन्नास मिनिटं लागली तुमच्या त्या यंत्राला. ड्रायव्हर गाडीत घोरतात. तिकडे शेतकरी फोन करकरून जीव खातात, टाक्या भरल्यात, आता दूध काय न्हाणीघरात ओतू? त्याला शांतपणे समजावलं की हा प्रश्न आमच्याकडे सिग्नेच्या विभागात येतो. तो म्हणाला, विभाग कसला डोंबलाचा, तुम्ही सहा जण आहात ना?

ग्राहकांना रचना कळत नाही.

सायकल काढली. पाऊस. परत ठेवली.

शुक्रवार, २१ मार्च

सिग्नेनं केक आणला.

मोठा ट्रेभर. ती फ्यून बेटावरची, त्यांच्याकडचा तो मऊ पावासारखा केक, वर लोणी आणि तपकिरी साखरेचा थर, बोटानं खड्डे पाडून त्यात मुरवलेला. उभी राहिली आणि म्हणाली, "माझा भाग एक्याण्णव टक्के वेळ नुसता दुसऱ्याची वाट बघत उभा असतो, आणि मी त्याला तसाच उभा राहू दिला."  वाक्य मला जरा गुंतागुंतीचं वाटलं, पण सगळ्यांसमोर बोलताना होतं तसं.

टाळ्या. मी सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या. दोन तुकडे घेतले. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस गं, शिकताना होतं असं. ती माझ्याकडे बघतच राहिली. गहिवरली असावी.

एका अर्थानं न्यायच झाला. केक उत्तम होता.

सोमवार, २४ मार्च

सिग्ने माझ्या टेबलाशी आली. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, टॉर्किल, तुला मला काही सांगायचंय का? म्हटलं, हो, बरं झालं विचारलंस, पुढच्या वेळी साखरेत मीठ किंचित जास्त घाल. तिनं उठून खुर्ची जागेवर ठेवली. मग, बरं, म्हणाली आणि गेली.

टीका सहन करायची ताकद या पिढीत नाही.

वजन दोन किलो जास्त दिसलं. चपला घातल्या होत्या. त्या वजा केल्या.

बुधवार, २६ मार्च

घात!

वाउटरनं नवी आवृत्ती काढली. भिंतीपलीकडचं दिसतं आता. सोबत निवेदन: 'आर्हुसच्या टॉर्किल बिस्गोर यांच्या चिकाटीमुळे हे शक्य झालं.' माझं उदाहरण त्यानं टूलच्या मॅन्युअलमध्ये घातलंय. माझं फंक्शन, नावासकट, लाल पट्टीत. खाली ओळ: 'संथ फंक्शन वेगळ्या प्रोग्राममध्ये दडलेलं असलं, तरी आता असं सापडेल.'

दडलेलं!

मी त्याला बग दाखवला. दुरुस्त कर असं कुठे म्हटलं होतं? ताबडतोब लिहिलं की घाई करू नकोस, नीट तपास, ही आवृत्ती उन्हाळ्यापर्यंत मागे घे. त्याचं उत्तर: तुझ्यासारखा माणूस पाठीशी असला की थांबावंसंच वाटत नाही, शनिवार-रविवार बायकोमुलांना तिच्या आईकडे धाडून हेच केलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आणि इतक्या गोड शब्दांत!

निश्चय: शुक्रवारपर्यंत ऑफिसात नवी आवृत्ती येऊ द्यायची नाही.

नंतर: आमच्याकडे नव्या आवृत्त्या आपोआप येतात. हे सेटिंग मीच लावलंय. लोक आळशी असतात म्हणून.

शुक्रवार, २८ मार्च

बैठक. आस्गरनं टूल भिंतीवर लावलं आणि सुरू केलं.

शहाण्णव टक्के. माझ्या फंक्शनचं नाव, भिंतभर लाल. सिग्नेचा भाग खाली कुठेतरी, नखाएवढा.

 आमच्याकडे लोक रागावले की बोलत नाहीत, कॉफी ओततात. सगळ्यांनी कॉफी ओतली. मी म्हटलं, नव्या आवृत्तीत बग असू शकतो. आस्गर म्हणाला, टॉर्किल, अरे मॅन्युअलमध्ये तुझं नाव आहे.

मग त्यानं सिग्नेला विचारलं की काय करायचं, नवं इंजिन लिहितेस का? इथे मी घाबरलो, हे लिहून ठेवतो. अकरा वर्षं. त्या क्षणी ती हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. दुसरं असं मी काही केलेलंच नाही.

ती म्हणाली, नको. इंजिन चांगलं आहे. तीन मार्चला होतं तसं परत ठेवू. त्या फंक्शनमध्ये प्रत्येक शेतासाठी सगळ्या शेतांची यादी पुन्हा पुन्हा क्रमानं लावली जाते, ती एकदाच लावायची. एक ओळ वर सरकवायची, बस. शेतं कमी होती तेव्हा कोणाला कळलंही नसतं.

सरकवली. सगळ्यांसमोर. जुना कोड आणला, ओळ वर नेली, चालवला. कॉफी संपायच्या आत मार्ग तयार. एइनारला फोन लावला तर त्याला खरंच वाटेना.

नऊ तुकडे गेले. वेगळा प्रोग्राम गेला. तीन आठवड्यांचं माझं काम एका बटणात पुसलं. इंजिन राहिलं. यापुढे ते सिग्ने बघणार, मी टूल बघणार. कारण मला त्यातलं सगळ्यांत जास्त कळतं, म्हणाले. कोणी टोमणा मारत नव्हतं, हेच वाईट.

कोणीतरी ओरडायला हवं होतं. ओरडलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. आस्गर जाता जाता फक्त म्हणाला, पुढच्या शुक्रवारी खोबऱ्याचा चालेल.

ज्या मुलीला मी कंस बंद करायला शिकवलं तिनं माझं इंजिन वाचवलं. एका ओळीत. याहून मोठा विश्वासघात मला माहीत नाही.

बुधवार, २ एप्रिल

शुक्रवारच्या वाक्याची तयारी. एकच वाक्य म्हणायचं असतं, पण किती लांब ते नियमात नाही. त्यात टूलचे तिन्ही बग, जानेवारीतली डेअरीची खरेदी, वाउटरचा उतावळेपणा, आणि माझं योगदान, सगळं बसवलं. लिस्बेतला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, श्वास कुठे घेणार आहेस?

केकचा सराव म्हणून एक भाजला. करपला. आपला ओव्हन दहा अंश खोटं दाखवतो.

लिस्बेत म्हणाली, बिचारा ओव्हन! आणि खिडक्या उघडायला गेली.

शुक्रवार, ४ एप्रिल

बसनं गेलो, मांडीवर केक.

उभा राहिलो. वाक्य सुरू केलं. टूलच्या पहिल्या बगापर्यंत पोचलो. सगळे प्लेट हातात घेऊन शांतपणे ऐकत होते, आस्गरसुद्धा. सिग्ने खिडकीशी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, केकवरच्या खोबऱ्याकडे बघत होती. पुढचं काही सुचेना. पाठ होतं सगळं, तरी.

म्हटलं, माझं फंक्शन हळू होतं.

टाळ्या. खाल्ला. बरा झाला होता म्हणाले. खालचा भाग बहुतेकांनी सोडला.

नंतर प्लेटा धुवायला सिग्ने आणि मी. मी विचारलं की तुला कधी कळलं? ती म्हणाली, माझा केक होता त्याच्या आदल्या दिवशी. तुझा तो प्रोग्राम बंद करून बघितला, माझा भाग दोन सेकंदांत झाला. मला तिचं काही कळेना. म्हटलं, अगं वेडे, मग आस्गरला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू शिकवलंयस मला. तू स्वतः सांगावंस असं वाटत होतं.

म्हटलं, मग केक कशाला आणलास?

तिनं प्लेट पुसली, जागेवर ठेवली. म्हणाली, वाटलं, मी सगळ्यांसमोर उभी राहिले की तुला लाज वाटेल आणि तू उठशील. तू दोन तुकडे घेतलेस.

तीन. तिसरा कागदी रुमालात गुंडाळून घरी आणला होता. तो मी इथेही लिहिला नव्हता.